चित्रपटाला अनुदान, पत्राला समान दर : शासकीय साहाय्य नेमके कुठे पोहोचते?

देशाच्या कोणत्याही भागातून टाकलेले साधे पत्र छत्तीसगडमधील अहिवारा येथे पोहोचवण्यासाठी जेवढे टपालशुल्क लागते, तेवढेच शुल्क मुंबईच्या एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात पत्र पाठवण्यासाठीही लागते. छत्तीसगडी भाषेतील चित्रपटाला मात्र अशी कोणतीही हमी नाही. शासकीय साहाय्याने तयार झालेला चित्रपट अहिवारा येथील प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल की नाही, हे वितरक आणि चित्रपटगृहाचा मालक यांच्या हिशेबावर ठरते.

दोन्ही क्षेत्रांत सार्वजनिक पैसा खर्च होतो. टपालसेवेत तो मुख्यतः पत्र पोहोचवण्यावर खर्च होतो. प्रादेशिक चित्रपटाच्या बाबतीत तो बहुतांशी निर्मितीवर खर्च होतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाचे परिणाम छोट्या नगरांत आणि खेड्यांत स्पष्टपणे दिसून येतात. प्रादेशिक भाषांतील चित्रपटांना साहाय्य देण्याच्या योजना अनेक राज्यांत राबवल्या जात असताना हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

अहिवारा आणि परिसर

अहिवारा हे दुर्ग जिल्ह्यातील, भिलाईच्या उत्तरेकडील छोटे नगर आहे. भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनी खाणी याच परिसरात आहेत. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्यामुळे देशाच्या सर्व प्रांतांतून कामगार आणि तंत्रज्ञ भिलाईत आले. त्यांत मराठी भाषकांचाही समावेश होता.

या भागाचा मराठीशी असलेला संबंध त्याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. मराठी मातृभाषा असलेले पत्रकार माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, ते याच देवाणघेवाणीचे फलित होते.

खाणीत, कारखान्यात आणि कार्यालयांत हिंदीचा वापर होत असला, तरी आसपासच्या गावांची बोलीभाषा छत्तीसगडी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि २००७ मध्ये छत्तीसगडीला हिंदीबरोबर राजभाषेचा दर्जा देण्यात आला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र या भाषेचा अद्याप समावेश झालेला नाही. अशा भाषेसाठी चित्रपट हे केवळ करमणुकीचे साधन राहत नाही. ती भाषा सार्वजनिक ठिकाणी, मोठ्या समुदायासमोर ऐकू येण्याची ती एक महत्त्वाची संधी असते.

छत्तीसगडी चित्रपटाची वाटचाल

पहिला छत्तीसगडी चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. मनु नायक यांनी त्याची निर्मिती आणि दिग्दर्शन केले होते. मोहम्मद रफी यांनी या चित्रपटासाठी पार्श्वगायन केले. आंतरजातीय प्रेमाचा विषय हाताळल्यामुळे चित्रपटाला विरोध झाला. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांनी चित्रपटाचा काही भाग पाहून अनुकूल मत व्यक्त केले आणि त्यानंतर वाद निवळला.

दुसरा चित्रपट ‘घर द्वार’ १९७१ मध्ये आला. त्यानंतर जवळजवळ तीन दशके छत्तीसगडी चित्रपटनिर्मिती थंडावली. राज्यनिर्मितीच्या तोंडावर, ऑक्टोबर २००० मध्ये, सतीश जैन दिग्दर्शित ‘मोर छंइहा भुंइया’ प्रदर्शित झाला आणि त्याला प्रेक्षकांचा मोठा प्रतिसाद मिळाला. तेव्हापासून रायपूर केंद्रस्थानी ठेवून ‘छॉलीवूड’ या नावाने ओळखला जाणारा व्यवसाय आकाराला आला.

मनोज वर्मा दिग्दर्शित ‘भूलन द मेझ’ या चित्रपटाला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट छत्तीसगडी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. हे पुरस्कार मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले. चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांत आला तो मे २०२२ मध्ये. राष्ट्रीय पातळीवरील मान्यता आणि प्रेक्षकांची भेट यांच्यात सुमारे चौदा महिन्यांचे अंतर पडले. त्यात महासाथीच्या काळाचाही वाटा होता. तथापि चित्रपट तयार होणे आणि तो पाहायला मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

राज्य शासनाने २०२१ मध्ये चित्रपट धोरण स्वीकारले. राज्यात चित्रित होणाऱ्या आणि स्थानिक भाषांतील चित्रपटांना आर्थिक प्रोत्साहन देण्याची तरतूद त्यात करण्यात आली. २०२४ मध्ये नवा रायपूर परिसरातील चित्रनगरीच्या प्रकल्पाला केंद्र शासनाच्या भांडवली साहाय्य योजनेतून मंजुरी मिळाली. महानदीच्या ‘चित्रोत्पला’ या प्राचीन नावावरून या चित्रनगरीचे नाव ठेवण्यात आले आहे.

साहाय्याचे प्रकार

प्रादेशिक चित्रपटांना शासन साधारणतः चार प्रकारे साहाय्य करते. करात सवलत, निर्मितीसाठी अनुदान, चित्रनगरीसारख्या सुविधा आणि चित्रपटगृहांत खेळ दाखवण्याची सक्ती हे ते चार प्रकार होत. या चारही मार्गांचा दीर्घ अनुभव महाराष्ट्राने घेतला असल्याने त्या अनुभवाचा उपयोग इतर राज्यांना होऊ शकतो.

मराठी चित्रपटांसाठी १९७० च्या दशकात करपरतावा योजना सुरू झाली. चित्रपटाच्या तिकिटांवर गोळा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळत असे आणि ती रक्कम पुढील मराठी चित्रपटासाठी वापरावी, अशी अपेक्षा होती. या योजनेत निवड समितीला फारसे स्थान नव्हते. जितके प्रेक्षक येतील तितका परतावा, असा सरळ हिशेब होता. लोकप्रिय चित्रपटांच्या निर्मात्यांना त्यातून सातत्याने निर्मिती करता आली. ज्यांचा चित्रपट चालला नाही, त्यांच्या हाती मात्र काही लागले नाही.

फ्रान्समध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय चित्रपट संस्थाही याच तत्त्वाचा व्यापक प्रमाणावर वापर करते. तेथे प्रत्येक तिकिटावर विशेष आकारणी होते. मग तो चित्रपट अमेरिकी असो वा फ्रेंच. त्या निधीतून फ्रेंच निर्मात्यांना, वितरकांना आणि चित्रपटगृहांनाही साहाय्य मिळते. चित्रपटगृहांचा त्यात समावेश आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात पुढे करपरताव्याऐवजी थेट अनुदानाची पद्धत आली. परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते आणि त्यानुसार दर्जा ठरतो. ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटासाठी ४० लाख रुपये आणि ‘ब’ दर्जासाठी ३० लाख रुपये अशी अनुदानाची रक्कम या योजनेत ठरवण्यात आली. ज्या विषयांना व्यापारी भांडवल मिळणे कठीण असते, अशा विषयांवरील चित्रपटांना या पद्धतीने आधार मिळाला. त्याच वेळी केवळ अनुदान डोळ्यांसमोर ठेवून चित्रपट काढले जातात आणि ते चित्रपटगृहांत नाममात्र दाखवले जातात, अशी टीकाही होत आली आहे. प्रेक्षकसंख्येशी अनुदानाचा थेट संबंध न राहिल्याने या टीकेला वाव मिळतो.

सुविधांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९७७ मध्ये चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ स्थापन केले. मुंबईतील गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी याच महामंडळाकडे आहे. चित्रनगरीमुळे चित्रीकरणाची सोय होते, रोजगार निर्माण होतो आणि बाहेरचे निर्मातेही येतात. तेथे तयार झालेला प्रादेशिक चित्रपट तालुक्याच्या गावी दाखवला जावा, यासाठी मात्र चित्रनगरी काही करू शकत नाही.

चौथा मार्ग पडद्यावरील हक्काचा. मल्टिप्लेक्स चित्रपटगृहांनी मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवावेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला. त्यावर बराच वाद झाला. दक्षिण कोरियातही स्वदेशी चित्रपट वर्षातून ठरावीक दिवस दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक आहे. ही मर्यादा पूर्वी १४६ दिवसांची होती. जुलै २००६ पासून ती ७३ दिवसांवर आणण्यात आली. अशा सक्तीचा उपयोग जेथे चित्रपटगृह आहे तेथेच होतो. ज्या गावी पडदाच नाही, तेथे सक्ती कोणावर करायची, हा प्रश्न उरतोच.

‘करमुक्त’ या शब्दाचा बदललेला अर्थ

राज्य शासनाने एखादा चित्रपट करमुक्त केला, अशी बातमी आजही वाचायला मिळते. १ जुलै २०१७ पूर्वी या घोषणेला मोठे आर्थिक महत्त्व होते. करमणूक कर हा राज्याचा कर होता आणि त्याचे दर राज्यागणिक वेगळे होते. महाराष्ट्रात तो ४५ टक्क्यांपर्यंत होता आणि मराठी चित्रपटांना त्यातून सूट असल्यामुळे त्यांची तिकिटे इतर चित्रपटांच्या तुलनेत स्वस्त ठेवणे शक्य होत असे.

वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर राज्यांचा करमणूक कर त्यात विलीन झाला. चित्रपटाच्या तिकिटावर सुरुवातीला १०० रुपयांपर्यंत १८ टक्के आणि त्यावरील तिकिटांवर २८ टक्के कर होता. १ जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ आणि १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आकारला जातो. त्याहून महाग तिकिटावरील १८ टक्क्यांचा दर कायम आहे.

या करातील निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा असतो. राज्य शासन फार तर आपल्या वाट्याची रक्कम सोडू शकते किंवा परत देऊ शकते. १०० रुपयांच्या तिकिटावर राज्याचा वाटा अडीच रुपये होतो. छोट्या नगरातील एकपडदा चित्रपटगृहात स्वस्त तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला करमुक्तीमुळे मिळणारा लाभ एवढाच आहे. स्वस्त तिकिटांवरील कर कमी होणे प्रेक्षकांच्या हिताचे आहेच. परंतु स्थानिक भाषेतील चित्रपटाला इतर चित्रपटांपेक्षा झुकते माप देण्याचे जे साधन राज्यांच्या हाती होते, ते त्यामुळे जवळजवळ निकामी झाले आहे.

टपालसेवेचे तत्त्व

टपालसेवेचा इतिहास या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहण्यास मदत करतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १८३७ पासून सार्वजनिक टपाल सुरू झाले, तेव्हा पत्राचे शुल्क वजन आणि अंतर या दोहोंवर अवलंबून असे. दूरच्या गावी पत्र पाठवणे सामान्य माणसाला परवडत नसे. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा निकष रद्द करून देशभर वजनानुसार समान दर लागू करण्यात आला. किमान दर अर्धा आणा होता. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनीऑर्डर आणि १८८२ मध्ये बचत बँक सुरू झाली.

समान दरामागे आर्थिक विचारही होता. पत्र स्वीकारणे, त्यावर शिक्का मारणे, वर्गवारी करणे आणि घरोघरी देणे यांचा खर्च अंतर वाढले म्हणून त्या प्रमाणात वाढत नाही. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी हीच बाब दाखवून दिली होती आणि त्या आधारे तेथे १८४० मध्ये एक पेनीचा समान दर लागू झाला. दाट वस्तीच्या शहरांतील टपालातून मिळणारे उत्पन्न विरळ वस्तीच्या भागातील तूट भरून काढण्यास उपयोगी पडते.

आज देशात सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालये असून त्यांपैकी सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. यांतील बहुसंख्य शाखा टपाल कार्यालये ग्रामीण डाक सेवकांच्या बळावर चालतात. शाखा कार्यालय उघडण्याचे निकष या दृष्टीने उद्बोधक आहेत. सर्वसाधारण ग्रामीण भागात अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या एक तृतीयांश असले, तरी कार्यालय उघडता येते. डोंगराळ, आदिवासी आणि दुर्गम भागांत ही अट १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली आहे. छत्तीसगडच्या मोठ्या भूभागाला या सवलतीचे महत्त्व आहे. तोटा होणार हे गृहीत धरूनच येथे सेवेचा निर्णय घेतला जातो. तो किती सोसायचा, याची मर्यादाही आधीच ठरलेली असते.

टपालसेवेतही मोठे बदल झाले आहेत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये थांबून तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे उद्घाटन झाले आणि पोस्टमन घरी येऊन रक्कम देण्या-घेण्याची सोय झाली. १८९८ च्या कायद्याची जागा घेणारा टपाल कार्यालय कायदा २०२३ हा जून २०२४ पासून अमलात आला. जुन्या कायद्याने पत्रवहनाचा जो अनन्य अधिकार शासनाला दिला होता, तो नव्या कायद्यात राहिलेला नाही. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. त्याच वर्षी १ मे रोजी शैक्षणिक पुस्तकांसाठी सवलतीच्या दराची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू झाली.

टपाल विभागाचा खर्च उत्पन्नाहून अधिक आहे आणि ही तूट करदात्यांच्या पैशातून भरून निघते. ती कमी व्हावी, अशी मागणी रास्तच आहे. तथापि खासगी कुरिअर कंपन्या फायद्याच्या शहरी मार्गांवर काम करत असताना आडवळणाच्या गावी सेवा देण्याची जबाबदारी टपाल विभागावरच राहते. शहरी उत्पन्न कमी झाले की ग्रामीण सेवेचा भार अधिक जड होतो, हे या तुटीचे एक कारण आहे.

पोहोचवण्याचा प्रश्न

टपालाचे हे तत्त्व चित्रपटाला लावून पाहिले, तर प्रादेशिक चित्रपट धोरणातील उणीव लक्षात येते. निर्मितीला अनुदान आहे, चित्रीकरणाला चित्रनगरी आहे, गुणवत्तेला पुरस्कार आहेत. वितरणाचा टप्पा मात्र बाजारावर सोपवलेला आहे.

एकेकाळी हे काम फिरत्या चित्रपटगृहांनी केले. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये तंबू ठोकून चित्रपट दाखवले जात आणि ज्या गावी कायमचे चित्रपटगृह उभे राहणे शक्य नव्हते, तेथील लोकांनाही वर्षातून काही दिवस सिनेमा पाहायला मिळे. दूरचित्रवाणी, व्हिडिओ आणि नंतर मोबाइल यांमुळे हा व्यवसाय ओसरला. एकपडदा चित्रपटगृहेही मोठ्या संख्येने बंद झाली. मल्टिप्लेक्स उभी राहिली ती मुख्यतः शहरांत आणि तेथील तिकीट खेड्यातील कुटुंबाला महाग पडते.

रिळांऐवजी डिजिटल प्रक्षेपण आल्यावर प्रतींचा आणि वाहतुकीचा खर्च वाचेल, अशी अपेक्षा होती. काही प्रमाणात ती पूर्ण झाली. तथापि डिजिटल यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्या प्रत्येक पडद्यामागे निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून शुल्क घेतात. शेकडो पडद्यांवर लागणाऱ्या हिंदी चित्रपटाला हे शुल्क जड जात नाही. मोजक्या पडद्यांवर, कमी दराच्या तिकिटावर चालणाऱ्या प्रादेशिक चित्रपटाला प्रत्येक नवा पडदा हा अतिरिक्त धोका वाटतो.

प्रेक्षकच नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. छत्तीसगडपासून जवळ असलेल्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी टिकून आहे. देसाईगंज (वडसा) येथील नाट्यमंडळे सुगीनंतरच्या हंगामात गावोगावी जाऊन रात्रभर प्रयोग करतात आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. तेथे नाटक प्रेक्षकांच्या गावी जाते. आपल्या बोलीतील करमणुकीसाठी ग्रामीण प्रेक्षक पैसे मोजायला तयार असतो. ती त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते.

पर्याय कोणते?

केरळने या दिशेने काही पावले टाकली आहेत. राज्याचे चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहे चालवते. ७ मार्च २०२४ रोजी केरळ शासनाने ‘सीस्पेस’ हे स्वतःचे ओटीटी व्यासपीठ सुरू केले. प्रेक्षकाने जो चित्रपट पाहिला त्याचेच शुल्क भरावे आणि त्यातील निम्मी रक्कम निर्मात्याला मिळावी, अशी त्याची रचना आहे. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे व्यासपीठ सुरू केले. अशा व्यासपीठांवर छोट्या भाषांतील चित्रपटांना कायमची जागा मिळू शकते. एकत्र बसून चित्रपट पाहण्याचा अनुभव मात्र त्यातून मिळत नाही.

त्याशिवाय आणखी काही उपाय शक्य आहेत. अनुदानाचा एक हिस्सा प्रदर्शनाशी जोडणे, म्हणजे छोट्या नगरांत झालेल्या खेळांच्या आणि विकल्या गेलेल्या तिकिटांच्या प्रमाणात तो देणे, हा त्यांपैकी एक. करपरताव्यातील चांगला भाग त्यामुळे पुन्हा उपयोगात येईल आणि अनुदानासाठीच चित्रपट काढण्याच्या प्रवृत्तीलाही आळा बसेल. डिजिटल प्रक्षेपणाच्या शुल्काचा भार स्थानिक भाषेतील चित्रपटांपुरता शासनाने उचलणे हा दुसरा. नगरपालिकांच्या सभागृहांत परवडणाऱ्या दरात ठरावीक दिवशी खेळ आयोजित करणे हा तिसरा.

या उपायांनाही खर्च आहे आणि सार्वजनिक पैशावर आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा यांचा हक्क आधीचा आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो गैरलागू नाही. मात्र चित्रपटांवर खर्च करायचा असे एकदा ठरल्यानंतर तो कोणासाठी, हा प्रश्न टाळता येत नाही. शाखा टपाल कार्यालयासाठी तोट्याची मर्यादा आधी ठरवली जाते आणि त्या मोबदल्यात गावाला काय मिळणार, हेही स्पष्ट असते. चित्रपट अनुदानाच्या बाबतीत रक्कम ठरते. परंतु ती किती गावांतील किती प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, याची नोंद अनुदानाच्या निकषांत क्वचितच मागितली जाते.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या स्मरणार्थ टपाल खात्याने १९७१ मध्ये तिकीट काढले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त मे २०१३ मध्ये ५० चित्रपटकर्मींच्या तिकिटांचा संच प्रसिद्ध झाला. ही तिकिटे लावलेली पत्रे देशातील कोणत्याही गावी एकाच दराने गेली. नवा रायपूरच्या चित्रनगरीत उद्या तयार होणाऱ्या छत्तीसगडी चित्रपटांसाठी अहिवारा किती दूर आहे, यावरच राज्याच्या चित्रपट धोरणाचे यश मोजावे लागेल.